उतार

त्या तीन पायऱ्या माझ्या हातच्या.
एकवीस वर्षांपूर्वीचा जून, डोंगरावर पांढरं दव,
ओलं सिमेंट गोठू नये म्हणून
अंगावरचं ब्लँकेट त्यांना पांघरलं
आणि मी शेकोटीशी रात्रभर दात वाजवत बसलो.
सकाळी वरच्या पायरीवर खिळ्यानं नाव कोरलं : सेखोबे, गवंडी.
हा-रांत्सिमाने गावात तेवढी सरळ धार
दुसऱ्या कशालाच नव्हती.

केनेवे तट्टावर बसून यायची.
नदी ओलांडून, दीड तासाचा चढ चढून,
पुढे लगाम धरून तिचा मामा.
तट्टाला नदी अडवत नव्हती, डोंगर अडवत नव्हता.
ते थांबायचं माझ्या पायऱ्यांपाशी.
मग मामा तिला मक्याच्या पोत्यासारखी
पाठीवर टाकून आत न्यायचा,
आणि ती डोळे मिटून घ्यायची.

मामा खाणीवर गेला त्या वर्षी
ती खिडकीबाहेर बसून शिकली.
मात्सेलिसो बाई पाढे खिडकीकडे तोंड करून म्हणायच्या,
निम्मे वारा न्यायचा.
माणसानं आपली पायरी ओळखून असावं, म्हणतात.
मी तर तिला ती सिमेंटमध्ये ओतून दिली होती.

हे तेव्हा सुचलं नाही, खोटं कशाला बोलू.
इस्पितळाच्या ट्रकमधून चाकांची खुर्ची आली,
बाईंनी निरोप धाडला, तेव्हाही मी म्हणालो,
दोन दिवसांचं काम.
आणि दोन दिवसांत केलंही.
खुर्चीत वाळूचं पोतं बसवून वरून सोडलं,
ते सुसाट कुंपण तोडून थेट कोबीच्या वाफ्यात.
पोरं हसली. केनेवे हसली नाही.
म्हणाली, "न्ताते, ही घसरगुंडी झाली.
एक हात चढायचं तर बारा हात लांबी लागते."
नववं वर्ष सरलं नव्हतं तिचं.
मी भिंती बांधत म्हातारा झालो,
मला हे कुणी विचारलं नव्हतं.

तीन पायऱ्या, सात-सात इंच. म्हणजे एकवीस फूट.
अंगण सोळा फुटांचं, पुढे पीचचं झाड.
बाई म्हणाल्या, तोडा.
ती म्हणाली, "वळवा ना."
म्हणून तो झाडाला वळसा घालतो,
आणि वळणावर दाराएवढी सपाट जागा आहे,
दम खायला.
जुन्या पायऱ्या मीच घणानं फोडल्या.
नाव कोरलेला तुकडा भरावात गेला,
कुठे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले, फीत आली, फोटो झाले.
ढकलायला चार हात पुढे सरसावले
ते बाईंनी नजरेनंच मागे घेतले.
केनेवे निघाली. वळणावर थांबली.
इतका वेळ थांबली की साहेबांनी घड्याळ पाहिलं.
मग उंबऱ्यावरून पुढची चाकं आत गेली
खट् असा छोटासा आवाज करून.
आईला ताप उतरला म्हणून सांगायला आलेला डॉक्टर
जसा हळू बोलतो, तसा आवाज.

संध्याकाळी हत्यारं गोळा करताना पाहिलं,
खुर्चीला अडकवलेली तिची बाटली भरलेलीच.
"दिवसभर पाणी नाही प्यायलीस?"
ती झाडाकडे बघत म्हणाली, "शाळेत नाही पीत."
आणि मग, मला कळलं नाही हे पाहून,
हनुवटीनंच दाखवलं
शाळेमागचं संडास.

दार खुर्चीपेक्षा अरुंद.
दोन पायऱ्या.
त्याही माझ्याच.

अंधार पडायला अजून घटकाभर होती.
मी थैलीतून दोरी आणि पाणसळ पुन्हा बाहेर काढली.
ती म्हणाली, "एक टोक मी धरते."